गॅलरीतली दुसरी खुर्ची

४ जानेवारी, सोमवार
सकाळी १४२/९०.
डॉक्टर म्हणाले, रोज रक्तदाब लिहून ठेवा. बायको औषधांच्या दुकानात काम करते, तिने तिथलं मशीन आणि ही वही दोन्ही आणून दिलं. पान एवढं मोठं आणि आकडा एवढासा. उरलेली जागा वाया कशाला घालवायची, म्हणून लिहितो.

आज पाहुणा आला. आमची लिफ्टची कंपनी मुळात तिकडची, परदेशातली. नकाशे काढायचं एक ऑफिस तिकडे आणि एक इकडे. हा तिकडचा माणूस नवी पद्धत शिकवायला तीन महिने आमच्याकडे आलाय. हुद्दा माझाच, नकाशे तपासणारा. वयही माझंच, सेहेचाळीस. गेल्या आठवड्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुमची वरची खोली रिकामीच असते ना?" ज्याचा करार दरवर्षी एकतीस मार्चला संपतो, त्याची खोली रिकामीच असते. हो म्हणालो. नऊ वर्षं झाली, यंदा मार्चमध्ये मला कायम करायचा साहेबांनी शब्द दिलाय. अशा वेळी खोली काय, मागितलं असतं तर अंथरूणही दिलं असतं.

पाहुणा आपली भाषा बोलतो. वर्षभर रेकॉर्ड ऐकून शिकला म्हणे. सरसकट सगळ्यांना अहो-जाहो करतो. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला "आपण आधी बसा" म्हणाला. ती तेव्हापासून जमिनीवर पाय ठेवायला तयार नाही.

पाच वाजता तो उठला. संगणक बंद केला, पेन्सिली डब्यात ठेवल्या, खुर्ची आत सारली, "येतो" म्हणाला आणि गेला. आम्ही अकरा जण आधी घड्याळाकडे आणि मग एकमेकांकडे बघत बसलो. सहाच्या चहापर्यंत त्याचं नाव पडलं होतं, पाचवाला.

९ जानेवारी, शनिवार
१४४/९२.
रात्री पावणेदहाला घरी. गॅलरीत अंधारात खुर्चीला ठेचकाळलो, नडगी सोलली. तिथे बाबांची एक खुर्ची असते हे मला माहीत आहे, पण तिच्या शेजारी ही दुसरी कशाला? बायकोला ओरडलो. ती म्हणाली, "बाबांना लागते. मी कपडे वाळत घातले तिच्यावर, तर माझ्या हातावर फटका मारला त्यांनी."

ऑक्टोबरात झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेलीत. डावा हात मात्र शाबूत आहे, फटके मारण्याइतका. आजारी माणसाचे हट्ट. चालायचंच.

१३ जानेवारी, बुधवार
लिहायलाच हवं असं आज घडलं. माझा राखाडी स्वेटर खुर्चीच्या पाठीला बारा महिने अडकवलेला असतो. घरी जातानाही मी तो नेत नाही. साहेब कधी डोकावले, तर माणूस इथेच कुठेतरी आहे, असं वाटावं. सगळेच काही ना काही ठेवतात. कुणी डबा, कुणी छत्री. सातच्या सुमाराला मी खाली नकाशांच्या प्रती काढायला गेलो आणि वर येऊन बघतो तो स्वेटर नाही! साहेब येऊन गेले होते आणि "हेही गेले वाटतं लवकर" असं बोलून गेले होते.

स्वेटर घरी होता, घडी करून, माझ्या उशीवर. पाचवाल्याने पाच वाजताच उचलून आणला. म्हणाला, "आपण विसरला होतात. बाहेर गार आहे."

याला काय बोलावं? चांगुलपणाने गळा कापतात तो असा.

१७ जानेवारी, रविवार
१४६/९४.
मी सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस जातो. आज गेलो नाही, कारण पाचवाल्याला जरा खणून बघायचं होतं. चहाबरोबर विचारलं, तुमच्याकडे काढून टाकायचं झालं तर काय करतात?

म्हणाला, आधी लेखी कारण द्यावं लागतं. मग कामगारांची समिती ते कारण वाचते. समितीला पटलं नाही तर पुढे कोर्ट. आणि पटलं तरी सहा महिन्यांची मुदत.
"सहा महिने!" मी म्हणालो. "तोवर माणूस काय करतो?"
"कामाला येतो. पाच वाजता घरी जातो."
सहानंतर साहेब फोन करू शकत नाही म्हणे. करार असा शब्द त्याला माहीत होता, पण तो भाड्याच्या घराचा असतो असं त्याला वाटत होतं. नऊ वर्षं दरसाल सही करतो म्हटल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला.

मग म्हणाला, "मला आपला हेवा वाटतो."
"माझा?"
"पाचनंतर तिकडे फार शांत असतं," म्हणाला, आणि आतून बायको आणि लेक कशावरून तरी भांडत होत्या तिकडे कान देऊन हसला.

थट्टाच ती. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला, किती हलकं वाटत असेल तुम्हाला, असं म्हणण्यातला प्रकार. माझं मात्र खरं सांगतो, जळतं. माझ्याएवढ्याच वयाचा, माझंच काम करणारा माणूस. फक्त जन्म घेताना त्याने पत्ता बरा निवडला.

२८ जानेवारी, गुरुवार
१५०/९४.
हॉस्पिटलच्या लिफ्टचा नकाशा. आठ मजले, स्ट्रेचर जाईल एवढी मोठी लिफ्ट. मी तपासून सही केलेली. पाचवाला नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे स्ट्रेचर आत जाईल, पण दार लागणार नाही. दहा सेंटिमीटर कमी आहेत."

बघितलं. कमी होते. माझ्या हाताखालून नऊ वर्षांत अशी चूक गेली नव्हती.
"हे रात्री नऊनंतर तपासलंत का?" त्याने विचारलं.
"माझं काम मी कधी करतो ते माझं मी बघीन," म्हणालो.

साहेबांना त्याने सांगितलं नाही. चूक स्वतः दुरुस्त करून मुकाट्याने नकाशा पुढे पाठवला. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान उघड शत्रू तरी झाला असता. आता वर उपकार. साहेबांना मी कशाला हवा, चूक न करणारा आणि पाचला जाणारा मिळतोय तर? आज मुद्दाम साडेदहापर्यंत बसलो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
बाबा बोलले.

सहा वाजता बायकोचा फोन आला, ती रडत होती. मला वाटलं, संपलं सगळं. "अहो, बाबा बोलले!" सगळं टाकून निघावं असं वाटलं. पण साहेब आत होते आणि उद्याच्या नकाशांची यादी व्हायची होती. निघालो ते सव्वानऊला. तोवर बाबा झोपले होते.

हकीकत कळली ती अशी. पाचवाला साडेपाचला घरी येतो आणि लेकीचं पहिलीचं पुस्तक घेऊन गॅलरीत बाबांच्या शेजारी बसतो. त्याला भाषा शिकायचीय. तो चित्रावर बोट ठेवून शब्द मोठ्याने म्हणतो, चुकला की बाबा डावा हात हलवतात. तीन आठवडे हे चाललंय आणि मला पत्ता नाही. आज तो असाच काहीतरी वाचत होता, तेवढ्यात बाबांनी रस्त्याकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "भोंगा."

पुस्तकात हा शब्दच नाही. पाचवाला सगळ्यांना विचारत सुटला, भोंगा म्हणजे काय? लेकीने तोंडाने वाजवून दाखवला.

बाबा लेथवर होते. चौतीस वर्षं एकाच कारखान्यात, कायम. मी जन्मायच्या आधी आठ तासांसाठी एक्केचाळीस दिवसांचा संप केलेली ती माणसं. पाचला भोंगा व्हायचा आणि हातातली वस्तू जिथल्या तिथे ठेवून सगळे बाहेर. मी दाराच्या पायरीवर बसून असायचो. भोंगा ऐकला की अडीचशेपर्यंत आकडे मोजायचे, मग सायकल कोपऱ्यावर दिसायची. अडीचशेच्या पुढे कधी जावं लागलं नाही. त्यांचं बरं होतं.

चार महिन्यांनी पहिला शब्द फुटला, तोही परक्याच्या पुढ्यात. आणि काय शब्द! कारखाना पाडून वीस वर्षं झाली. मी असतो तर निदान लेकीचं नाव तरी वदवून घेतलं असतं.

११ फेब्रुवारी, गुरुवार
१५४/९६.
प्रती काढायचं मशीन बिघडलं म्हणून बाहेर जावं लागलं, तेव्हा वाकडी वाट करून घरावरून गेलो. पावणेसहा झाले होते. रस्त्याच्या पलीकडे थांबून बघितलं.

गॅलरीत दोन खुर्च्या. एका खुर्चीत बाबा. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. शेजारी तो, पुस्तक मांडीवर. माझी बायको चहा घेऊन आली, तो काहीतरी बोलला, ती पदर तोंडाशी धरून हसली. असं हसताना तिला मी शेवटचं कधी बघितलं, आठवत नाही. लेक कठड्यावर रेलून त्याला शब्द सांगत होती. मीच तिथे नव्हतो आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

परत जाऊन दहापर्यंत बसलो. घरी आल्यावर म्हणालो, "पाहुण्यासाठी खास खुर्ची मांडता, बाबांना नवा सदरा घालता. थाट आहे!"
बायको म्हणाली, "खुर्ची तो येण्याच्या आधीपासून आहे. पाच वाजले की बाबा हातवारे करून सदरा मागतात. ऑक्टोबरपासून. तुम्ही कधी होतात बघायला?"
"मग कोणासाठी?"
"इतके नकाशे वाचता तुम्ही," म्हणाली आणि दिवा मालवला.
कोड्यात बोलायची सवय लागलीय तिला. हीही त्याचीच संगत.

२२ फेब्रुवारी, सोमवार
१५८/९८.
आज साहेबांनी पाचवाल्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. तासभर. बाहेर आल्यावर तो माझ्याकडे बघून हसला. जे समजायचं ते समजलो. तीन महिन्यांसाठी आलेला माणूस इथेच ठाण मांडणार आणि माझं कायम होणं त्याच्या घशात.

मग मी पत्र लिहिलं, तिकडच्या मुख्य ऑफिसला. निनावी पत्रं भेकड लिहितात, मी पूर्ण नाव, हुद्दा, सही घातली. तुमचा माणूस रोज पाच वाजता उठून जातो, काम अर्धं असलं तरी. शनिवारी तर फिरकतच नाही. आमच्याकडे निष्ठा कशी असते ते पाहा. आणि पुरावा म्हणून हजेरीच्या मशीनमधले दोन कागद जोडले. येताना-जाताना आम्ही अंगठा लावतो, त्यामुळे मिनिटाचा हिशोब असतो. एक कागद त्याचा, सगळीकडे पाच, पाच, पाच. दुसरा माझा. सकाळी साडेआठ ते रात्री दहा, साडेदहा, एकदा पावणेबारा. रविवारही. माझ्या आकड्यांखाली लाल पेनाने रेघा मारल्या. स्वतःचंच कौतुक वाटलं.

आता बघतील ते, कोण कामाचा आहे!

१ मार्च, सोमवार
पोच आली. दोनच ओळी. "आपल्या पत्राची अत्यंत गांभीर्याने दखल घेण्यात आली आहे." दिवसभर आनंद उरात मावत नव्हता. पाचवाला जाताना "येतो" म्हणाला, तेव्हा आज पहिल्यांदाच त्याला हसून "या" म्हणालो. १४६/९२. बघा, मनाचा परिणाम.

१२ मार्च, शुक्रवार
तिकडून फोन. समितीच्या बाई होत्या, सोबत दुभाष्या. खोली बंद करून बोललो. बाईंचा आवाज फार मऊ होता, दुखवट्याला आल्यासारखा. मी किती वर्षं असा राबतोय, जेवतो कधी, प्रकृती कशी आहे. पाचवाल्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही! मी दोनदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "ते वेळेवर जातात, ठीक आहे. आपण आपल्याबद्दल सांगा." शेवटी त्यांनी माझ्या धैर्याबद्दल आभार मानले.

धैर्य कसलं? काहीतरी घोटाळा होतोय. दुभाष्या कच्चा असावा.

१९ मार्च, शुक्रवार
१६०/१००.
भिंतीवर तिकडचा हुकूम लागला. सोमवारपासून संध्याकाळी सहानंतर कोणी बसायचं नाही, दिवे आपोआप जातील. शनिवारी अर्धा दिवस. विभागात आणखी दोन माणसं घ्यायची. खाली लिहिलंय, एका कर्मचाऱ्याने धाडसाने मांडलेल्या तक्रारीवरून.

गेल्या शुक्रवारी तिकडचा फोन मला आलेला सगळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांनी माझ्या टेबलाभोवती गर्दी केली. समोरच्या टेबलावरची ड्राफ्ट्समन म्हणाली, "मुलीला पाळणाघरातून शेवटी न्यायला जाणारी आई मी असायचे. आता नाही. तुमच्यामुळे!" तिने बिस्किटांचा पुडा आणला होता. कुणाच्या तोंडावर कसं सांगू की मी तुमच्यासाठी काहीच केलं नाही, मी एका माणसाच्या वाईटावर होतो? बिस्किट खाल्लं.

साहेब बाजूने गेले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

२६ मार्च, शुक्रवार
सहाला दिवे जातात. मी घरी जात नाही, बागेत बाकावर बसतो आणि नेहमीच्या वेळेला घरी येतो. पाचला निघणाऱ्याच्या पाठोपाठ सहाला घरात शिरायचं म्हणजे त्याचंच खरं केल्यासारखं होतं. बायकोला सांगितलंय की साइटवर काम आहे.

पाचवाला पुढच्या आठवड्यात जाणार. आज जिन्यात भेटला, म्हणाला, "आपला कागद आला का कायमचा? मी साहेबांना फेब्रुवारीतच सांगितलं, हे दोघांचं काम एकटे करतात, यांना कायम करा आणि जोडीला एक माणूस द्या. तासभर बोललो."


३१ मार्च, बुधवार
रक्तदाब घेतला नाही.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "तुमचा करार आज संपतो. पुढचा नाही." मी म्हणालो, साहेब, शब्द दिला होता. म्हणाले, "मीही शब्द दिला होता, तिकडे. की इथे सगळं सुरळीत आहे म्हणून. लाल रेघा मारून दिल्यात तुम्ही त्यांना." मग जरा निवळून म्हणाले, "तिकडच्याला काढता येत नाही आणि इकडच्याला ठेवायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मी तरी काय करू?"

लेखी कारण, समिती, सहा महिने. मला दोन तास.

अंगठा लावला. खुर्चीवरचा स्वेटर घेतला. नऊ वर्षांत मी स्वतः तो पहिल्यांदाच घरी नेत होतो. पाचवाला धावत दारापर्यंत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "असं करता येत नाही," म्हणाला. "मी समितीला लिहितो. असं करता येत नाही."
"तुमच्याकडे नाही येत हो," म्हणालो. "इकडे येतं." त्याच्यावर ओरडावं असं वाटलं आणि ओरडायला कारण सापडेना. त्याने माझं काही चोरलंच नव्हतं. माझ्या पत्रात त्याचीच तक्रार होती, हे त्याला अजूनही माहीत नाही. मी सांगितलं नाही. सांगायला हवं.

बागेतल्या बाकापर्यंत गेलो. तिथे बसण्यात आता अर्थ नव्हता. सरळ घरी गेलो.

पावणेसहा व्हायला आले होते. तो माझ्या आधी पोचला होता, गॅलरीत बसला होता, पुस्तक मिटलेलं. घरात काही बोलला नव्हता. बाबा रस्त्याकडे बघत होते, धुतलेल्या सदऱ्यात, केस विंचरून. मी कोपऱ्यावर दिसल्यापासून जिना चढेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. मी गॅलरीत पाऊल ठेवलं आणि बाबांनी डावा हात उचलून पाहुण्याच्या दंडावर फटका मारला. एक, दोन. ऊठ.

तो चटकन उठला. जराही चकित झाला नाही. "रोजचं ठरलेलं होतं आमचं," म्हणाला. "आपण आलात की मी उठायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी हातवारे करून सांगितलं होतं."

मी बसलो. खुर्ची त्याच्या अंगाने उबदार झालेली होती, त्याचाही मला थोडा राग आला. बायको चहा घेऊन दारात आली आणि मला बघून तिथेच उभी राहिली. मी आत्ता घरी का, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.
"भोंगा... झाला?"
"झाला, बाबा," म्हणालो. "सुटलो."